उंच की खोल?

बिंदू चौकातील महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अर्धपुतळ्यांचे अनावरण ९ डिसेंबर १९५० रोजी झाले. बाबासाहेबांच्या हयातीत उभा राहिलेला हा पुतळा दाखविताना मी हल्ली मुलांना इतिहासाबाहेरचा एक प्रश्न विचारतो : पुतळ्याचा रंग सगळीकडे एकच, मग कपाळ पुढे आणि डोळे आत, हे तुम्हांला दुरून कळते कसे?

उत्तर सावलीत आहे. डोळ्याच्या पडद्यावर उमटते ते सपाट चित्र. उंचवटा कोणता आणि खळगा कोणता, हे मेंदू उजेड-छायेवरून ठरवितो. तसे करताना प्रकाश वरूनच येतो, असे तो गृहीत धरतो. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखविले की, वरून उजळ व खाली गडद होत गेलेले वर्तुळ फुगीर भासते. कागद उलटा केला की तेच खोलगट होते.

शिलालेखांच्या छायाचित्रांत आम्हा इतिहासवाल्यांना हे नेहमीच भेटते. “सर, अक्षरं वर आल्यात की!” एक मुलगी म्हणाली. अक्षरे तर कोरलेली होती. मी काही न बोलता तिला पुस्तक उलटे धरावयास लावले. अक्षरे दगडात गेली आणि वर्गात गलका झाला.

साच्याची गंमत याहून मोठी. कुंभार गल्लीतील एका मूर्तिकाराने बुद्धमुखाचा साचा मुलांसमोर ठेवला. चार पावले मागे जाऊन एक डोळा मिटला, की आतला पोकळ चेहरा भरीव दिसतो. आपण सरकलो की तोही वळतो. आजवर पाहिलेले सारे चेहरे पुढे आलेलेच, म्हणून मेंदू येथे सावलीचीही साक्ष मानत नाही. पोकळ आहे हे ठाऊक असूनही दिसणे बदलत नाही!

मला आजीचे बोलणे आठवले. आजोबांना मडके घेताना त्याला हात लावण्याची मुभा नव्हती. वाजवून पाहणे तर दूरच. तडा, खळगा, सारे लांबून, पडलेल्या उजेडावरून पारखावयाचे. आतली बाजू घरी पाणी भरल्यावर कळे.

मूर्तिकार मात्र मुलांना म्हणाले, “लांबनं काय बघताय? आत हात घाला, नाकापर्यंत बोट न्या.” रांग संपेना. शेवटी बसवाल्याला अर्धा तास थांबावयास सांगावे लागले.