कोबीचा भाव

स्प्लिटला उतरलो तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि खोली मिळणार होती दुपारी दोनला. बॅग ओढत सरळ भाजीबाजारात शिरलो. क्रोएशियातल्या या बंदरगावाचा बाजार भरतो तो रोमन सम्राट डायोक्लीशनच्या राजवाड्याला लागूनच, पूर्वेच्या भिंतीबाहेर. एका आजीबाईंपुढे कोबीचे गड्डे रचलेले. वरची पानं माती लागलेली, एका पानावर गोगलगाय सुद्धा! खुणेनं भाव विचारला. निम्म्यात मागितला, तर बाईंनी तोंडच फिरवलं.

भाजीवाल्यांपुढे डायोक्लीशनचंही काही चाललं नव्हतं. महागाई आवरेना म्हणून 301 मध्ये त्यानं अख्ख्या साम्राज्याला कमाल दर ठरवून दिले. यादीत कोबी होता आणि सिंहही. शेतमजुराला जेवून दिवसाचे 25 दिनार, सिंहाला दीड लाख. जास्त घेईल त्याला देहदंड. पण माल बाजारातून गायबच झाला, असं लॅक्टँशियस लिहितो. अर्थात हा ख्रिस्ती लेखक त्याचा पक्का वैरी.

रुपेरी दरवाज्यातून आत गेलो. राजवाडा म्हणावा तर हे चक्क गाव आहे. सातव्या शतकात शेजारचं सलोना शहर उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथली माणसं इथे आसऱ्याला आली. आजही रोमन भिंतीतल्या खिडकीवर कुणाची तरी चादर वाळत असते. चौकात इजिप्तहून आणलेला काळा स्फिंक्स बसलाय.

डायोक्लीशन याच सलोना भागातला, साध्या घरातला. 284 मध्ये सैन्यानं त्याला गादीवर बसवलं. त्याआधीच्या पन्नास वर्षांत सम्राट येत होते आणि बहुतेक मारले जात होते. त्यानं चौघांत कारभार वाटला, वीस वर्षं राज्य केलं आणि 1 मे 305 रोजी आपणहून पायउतार होऊन या राजवाड्यात राहायला आला. पुढे लोक पुन्हा गादीवर बोलवायला आले, तेव्हा म्हणे त्यानं आपल्या हातानं लावलेल्या भाजीचं कौतुक सांगितलं. गोष्ट गोड आहे. पण भाजी लावायला राजवाड्याला सोळा बुरूज लागत नाहीत.

त्याच्या अष्टकोनी समाधीत गेलो. तिथे आता कॅथेड्रल आहे. 303 पासून त्यानं ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला. त्यात मारला गेलेला सलोनाचा बिशप डोम्नियस इथला संत, आणि सम्राटाची शवपेटी कधीच नाहीशी झालेली. वर कोरीव पट्टीत दोन चेहरे आहेत, त्याचा आणि बायको प्रिस्काचा म्हणतात. तो गेल्यावर प्रिस्काचं आणि मुलीचं डोकं उडवलं गेलं. त्या चेहऱ्याकडे मान दुखेपर्यंत बघत राहिलो.

बाहेर आलो तर बाजार उठत होता. आजीबाईंनीच हाक मारली. सकाळी मी मागितला होता, त्याच भावात गड्डा हातात ठेवला. घेतला. खोलीत शेगडी आहे की नाही, याचा तेव्हा पत्ताही नव्हता.