कोपऱ्यातला डिजरीडू

तुमच्या दिवाणखान्यात शोभेचं एखादं वाद्य उभं आहे का? आमच्या मेलबर्नच्या घरात होतं. हौसेनं विकत आणलेला, ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेला डिजरीडू. पाहुणे आले की आमचा नऊ वर्षांचा लेक त्यात फुंकायचा. बेडकासारखा आवाज निघायचा आणि सगळे हसायचे. मीसुद्धा.

मग एकदा त्याच्या शाळेत पालक म्हणून मदतीला गेले. त्या दिवशी मूलनिवासी समाजातले एक वयस्कर गृहस्थ मुलांना संगीताची ओळख करून द्यायला आले होते. सगळे त्यांना ‘अंकल’ म्हणत होते. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुणालाही म्हणतो तसं नव्हे बरं का. त्यांच्यात तो वडीलधाऱ्यांचा मान असतो.

मुलांची नजर त्यांच्याजवळच्या लांबलचक पिशवीवर. अंकलनी मात्र आधी दोन काठ्या काढल्या आणि ताल धरला. म्हणाले, “इथे दक्षिणेत माझे पूर्वज डिजरीडू वाजवत नव्हते. तो दूर उत्तरेचा. आर्नहेम लँडमधले योल्ङु लोक त्याला यिडाकी म्हणतात. त्यांनी शिकवलं, परवानगी दिली, म्हणून मी वाजवतो.”

मग वाद्य निघालं. निलगिरीचं खोड, आतून वाळवीनं पोखरलेलं. तोंडाशी मेण. बासरीसारखी भोकं नाहीत, तरी त्यातून घुमणारा सूर थांबेचना! गालांत साठवलेली हवा बाहेर ढकलतानाच नाकानं श्वास घ्यायचा. आपले सनईवालेही हेच करतात.

“उत्तरेतलं एखादं गाणं म्हणा ना,” एक मुलगी म्हणाली. अंकल हसले. “ती त्यांच्या कुळांची, त्यांच्या जमिनीची गाणी आहेत. मी म्हणायची नाहीत.”

तेवढ्यात आमच्या चिरंजीवांनी हात वर केला. “आमच्या घरी आहे डिजरीडू!”

“अरे वा. कुणी बनवलाय?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली.

घरी येऊन टॉर्च लावून आत डोकावले, तर बांबूची पेरं! बाहेरच्या देशात बनवलेल्या अशाच वस्तू मूलनिवासी कलाकारांच्या म्हणून विकल्याबद्दल 2019 मध्ये इथल्या फेडरल कोर्टानं एका कंपनीला 23 लाख डॉलर दंड केला होता, हे त्या रात्री वाचलं.

डिजरीडू सध्या पलंगाखाली आहे. नवरा म्हणतो टाकून दे, लेक म्हणतो अंकलना दाखवू. मला अजून त्यांच्यासमोर जायचा धीर होत नाही.