सरक, मी करून देतो

चोपन्नाव्या वर्षी मी पायथन शिकायला बसले ते भिशीच्या हिशेबासाठी. आम्ही १२ जणी, प्रत्येकीचे महिन्याला २००० रुपये, दर महिन्याला एकीची चिठ्ठी. इतकी वर्षं सगळं वहीत चाललं होतं. घरात नवरा आणि मुलगा दोघेही इंजिनियर, त्यामुळे कॉम्प्युटरपुढे बसलं की दोन मिनिटांत मागून आवाज यायचा, "सरक, मी करून देतो." करूनही द्यायचे, अगदी प्रेमानं. पुढच्या खेपेला मी पुन्हा होते तिथंच.

भाची वेगळी निघाली. शेजारी खुर्ची ओढून बसली ती दोन्ही हात मांडीखाली दाबून. "मावशी, तू कितीही चिडलीस तरी मी कीबोर्डला हात लावणार नाही."

चिडले तर खूपच. एकदा तर एकूण जमा छापायला सांगितली आणि पडद्यावर २०००, ४०००, ६००० अशी २४००० पर्यंत बारा ओळींची रांग लागली. भाची ढिम्म. मी एकेक ओळ बोटानं वाचत गेले. पायथनमध्ये ओळ समासापासून किती आत सरकली आहे, यावर ती कुणाच्या पोटात आहे हे ठरतं. माझी छापायची ओळ चार जागा आत जाऊन 'फॉर'च्या, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करवणाऱ्या लूपच्या, पोटात बसली होती, म्हणून बाईगणिक छापत होती. ती मागे ओढली. २४०००, एकदाच.

तेव्हा आई आठवली. "दोन सुलट, दोन उलट, सुई संपेपर्यंत." हा लूपच की! पाठीचा भाग विणताना टाका सुटला की आई नुसतं "उसव" म्हणायची. सुया मात्र तिनं माझ्या हातातून कधी घेतल्या नाहीत. माझा पहिला स्वेटर एका बाहीनं लांब झाला तो त्यामुळेच, आणि दुसरा बरोबर झाला तोही.

त्याच आठवड्यात मराठी कीबोर्ड चुकून चालू राहिला आणि वर्गणी विचारल्यावर मी देवनागरीत २००० लिहून बसले. चूक दाखवणाऱ्या लाल अक्षरांची वाट पाहिली. आलीच नाहीत. पायथनच्या 'इंट'ला, म्हणजे लिहिलेल्याचा आकडा करणाऱ्या आज्ञेला, आपले आकडे कळतात म्हणे. बँकेतल्या खिडकीपेक्षा बरं.

एनिॲक या जुन्या कॉम्प्युटरची गोष्टही मला भाचीनंच सांगितली. फिलाडेल्फियातलं १८ हजार निर्वात नळ्यांचं ते धूड चालवायला सहा तरुणी निवडल्या होत्या. सुरुवातीला यंत्र पाहायचीही परवानगी नव्हती. जोडणीचे आराखडे हातात देऊन शिका म्हणून सांगितलं. १९४६ च्या फेब्रुवारीत जाहीर प्रात्यक्षिक झालं, त्यात तोफगोळा जमिनीवर पडायच्या आत यंत्रानं त्याचा मार्ग काढून दाखवला. तो प्रोग्रॅम जीन जेनिंग्ज आणि बेटी स्नायडर यांचा. रात्रीच्या मेजवानीचं आमंत्रण मात्र त्यांना नव्हतं. भाचीला राग मेजवानीचा. मला वेगळंच जाणवलं: त्यांना करून द्यायला कुणी नव्हतंच. जगात कुणालाच ते येत नव्हतं. आठ मार्चला 'तूही करू शकतेस' असे गुलाबी फलक लावणाऱ्यांनी त्यापेक्षा वर्षभर हात मांडीखाली ठेवावेत, असं मला वाटतं.

गेल्या महिन्यात भिशी माझ्याकडे होती. प्रोग्रॅम पाहून समोरच्या वहिनी म्हणाल्या, "मलाही दाखव की." बसवलं त्यांना. स्वतःचं नाव टाकताना शेवटचं अवतरणचिन्ह राहिलं, लाल ओळ आली. त्या पडद्याला नाक लावून शोधत होत्या, बोट अगदी जवळ पोचलं होतं. आत खिचडी निवत होती, दहा जणी ताटकळल्या होत्या. "सरका जरा वहिनी," मी म्हटलं आणि चिन्ह टाकून दिलं.

"हो का, एवढंच होतं," त्या म्हणाल्या आणि चष्मा मिटून पर्समध्ये ठेवला.

या महिन्यात मी आपणहून विचारलं, तर म्हणाल्या, "तूच कर गं. तुला येतं."