राजुलच्या नशिबात नव्हतं?



जिंतूरच्या नेमगिरीला भगवान नेमिनाथांचं दर्शन घेऊन आपण भजनाला बसलो, की राजुल आठवतेच. भजन संपलं की कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणतं, "बिचारीच्या नशिबातच नव्हतं." हे वाक्य मला पटत नाही.

कथा आपल्याला पाठ आहे. राजुल ही राजा उग्रसेनांची लेक. नेमिकुमार वरातीनं निघाले, तेव्हा त्यांना कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकू आला. वऱ्हाडाच्या जेवणासाठी ती मारली जाणार हे कळताच ते माघारी फिरले आणि गिरनारवर दीक्षा घेतली. उत्तरपुराणात तर त्यांना वैराग्य यावं म्हणून श्रीकृष्णांनीच ती जनावरं कोंडवल्याचं सांगितलं आहे.

म्हणजे डाव एकानं रचला, वाट दुसऱ्यानं निवडली, आणि नवरीला कुणी काही विचारलंच नाही. एकाची निवड दुसऱ्याच्या वाट्याला नशीब होऊन येते, ती अशी. नेमिकुमारांची करुणा थोरच. पण राजुलचं रडणंही खरं होतं.

गेल्या वर्षी आमच्या भाचीचा साखरपुडा मोडला. नकार मुलाकडून आला. भेटायला येणारी प्रत्येक जण तिला ऐकवायची, "कर्माचे भोग, बाई." एका रात्री भांडी घासता घासता तिनं मला विचारलं, "आत्या, नाही ते म्हणाले, मग कर्म माझं कसं?"

मी तिला स्वाध्यायात जे ऐकलं तेच सांगितलं. त्यानं जे केलं, त्याचं कर्म त्यानं बांधलं. तुझ्या वाट्याला दुःख आलं तो तुझ्या जुन्या कर्माचा उदय, आणि तो मुलगा त्याला निमित्त. पण या घडीला तू काय करतेस, तो तुझा पुरुषार्थ. कोठीत मागच्या सालची तूर आहे, ती काही बदलत नाही. तिचं वरण करायचं की ती तशीच किडू द्यायची, हे मात्र आपल्या हातात असतं.

राजुलनं नेमकं हेच केलं. फेरे झाले नव्हते, ती मोकळी होती. घरच्यांनी दुसरा वर बघू म्हणून समजावलंही. तिनं ऐकलं नाही, गिरनार गाठला आणि आर्यिका झाली. गिरनारवर आजही तिच्या नावाची गुफा दाखवतात. भजनात नऊ भवांची प्रीत म्हणतात. त्या प्रीतीनं तिला रडवलं असेल, पण गिरनार चढायचं ठरवलं ते तिनं स्वतः. तिला बिचारी म्हटलं की तिचं हे सगळं बळ आपण पुसून टाकतो.

आणखी एक सांगते. लग्न मोडलेल्या मुलीला "राजुलसारखी हो" म्हणणंही बरोबर नाही. राजुलला तसं कुणी सांगितलं नव्हतं. कुणी दीक्षेचा विचार करेल, कुणी शिक्षण पूर्ण करेल, कुणी दुसऱ्या स्थळाला आनंदानं हो म्हणेल. भाचीनं सध्या स्थळं बघायला नको म्हटलंय, आणि आम्ही ते ऐकलंय.

तेव्हा अशा घरी भेटायला गेलात, तर कर्माचा हिशेब मांडू नका. तो केवलींनाच ठाऊक. चहा घ्या, तिच्याजवळ बसा आणि विचारा, "बाळ, तुला काय करावंसं वाटतं?"