आधी बुंधा

झाडावर चढायचं म्हटलं की लोक वर बघतात. मी आधी खाली बघतो. मुळं जमिनीत शिरतात तिथे, बुंध्याला चिकटून लाकडासारख्या टणक छत्र्या उगवल्या असतील, तर त्या झाडाला लांबूनच नमस्कार. ती बुरशी आतलं लाकूड खात असते. वर पानं हिरवीगार असली तरी खाली मुळं कुजलेली असू शकतात. नवी मुंबईत आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात: पेव्हर ब्लॉक खोडाला किती घट्ट भिडवलेत आणि केबलचा चर कोणत्या बाजूने खणलाय. एका बाजूची मुळं तोडलेलं झाड जुलैच्या वाऱ्यात कुठे कलंडेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

दोर, हार्नेस आणि गाठी वापरून हौसेखातर झाडावर चढायचं हा माझा सुट्टीचा उद्योग. मूळचा मी सह्याद्रीत भटकणारा, कातळावर हात घासलेला. बेलापूरच्या डोंगरातला कातळ आम्हा नवी मुंबईकरांना घरचाच. 2016 मध्ये इथे बोल्डरिंगचा विश्वचषक झाला, तेव्हा शेजारपाजाऱ्यांनाही ‘क्लाइंबिंग’ म्हणजे काय ते थोडंफार कळलं. झाडाचं मात्र अजून कोणाला पटत नाही. ‘आंबे काढायला का?’ हा ठरलेला प्रश्न. अमेरिकेत अटलांटाच्या पीटर जेंकिन्स यांनी 1983 मध्ये ‘ट्री क्लाइंबर्स इंटरनॅशनल’ ही संस्था काढली आणि फांद्या छाटणाऱ्या कामगारांचं तंत्र हौशी माणसांच्या हाती दिलं. जेंकिन्सही आधी कातळावर चढणारेच.

आपल्याकडे झाडावरचा खेळ नव्हता असं कोण म्हणेल? सूरपारंब्या काय होत्या मग! झाडाखाली रिंगण आखायचं, एकाने पायाखालून काठी लांब भिरकवायची, ज्याच्यावर राज्य तो ती आणायला धावला की बाकीचे सरसर वडावर. त्याने काठी रिंगणात ठेवून कोणाला शिवायच्या आत खाली येऊन काठीला हात लावायचा. त्या खेळात कोणी कोणाला फांदी कशी ओळखावी हे शिकवत नसे, पण शेवग्यावर चढू नये, जांभळाच्या फांदीवर भरवसा ठेवू नये, चिंच लवते पण मोडत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक असे. आजही मी दोर टाकताना तेच ज्ञान वापरतो.

नवी मुंबई वसवायला सिडको 1970 मध्ये स्थापन झाली आणि खाडीकाठच्या गावांमध्ये नोड उभे राहू लागले. रस्त्यांना सावली लवकर हवी होती, म्हणून गुलमोहर, सोनमोहर, विलायती शिरीष अशी झपाट्याने वाढणारी झाडं लागली. दिसायला देखणी, चढायला बेकार. गुलमोहराची मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ. फुलांनी लगडलेली फांदी वारा नसतानाही कडकन जाते. त्यावर दोर टाकणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही. चढण्याजोगी झाडं आहेत ती जुन्या गावठाणांत, पण तिथला वड-पिंपळ देवळाचा असतो, त्याच्या पारावर गाव बसतं. तिथे हार्नेस घालून लोंबकळणं मला प्रशस्त वाटत नाही. रस्त्याकडेच्या आणि उद्यानांतल्या झाडांना 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं त्यात तोडण्यातच मोजलं जातं. त्यामुळे मी चढतो ते उरणच्या बाजूला एका मित्राच्या वाडीत, त्याच्या परवानगीने, त्याच्या आंब्या-चिंचांवर.

वाडी राखणाऱ्या आगरी काकांना माझ्या पिशव्या बघून हसू आवरत नाही. ‘बाला, यवऱ्या दोऱ्या कनाला?’ असं विचारून ते कमरेच्या आकडीत कोयती अडकवतात, दोन्ही पायांत दोरीचा वेढा घालतात आणि माझी पहिली पिशवी उघडेपर्यंत नारळाच्या झावळ्यांत पोचलेले असतात. त्यांच्या चढण्याला मी कमी लेखत नाही, त्याची नक्कलही करत नाही. त्यांचा सगळा भार स्वतःच्या हातापायांवर आणि लहानपणापासूनच्या सवयीवर. माझा भार दोरावर. खरं म्हणजे मी झाडावर चढतच नाही, झाडाला टांगलेल्या दोरावर चढतो, आणि म्हणून दोर कुठे टांगला हा एकच प्रश्न खरा महत्त्वाचा.

फांदी निवडायला दुर्बीण लागते. जिवंत हवी, खोडाजवळ निदान 10-12 सेंटीमीटर जाड हवी, आणि दोर खोडाला अगदी लागून बसायला हवा. फांदीच्या टोकाकडे सरकला तर तोच भार किती तरी जड होतो. आंब्यावर मी बांडगूळ शोधतो. गर्द पानांच्या गर्दीत वेगळी, जरा फिकट पानं आणि नळीसारखी फुलं दिसली की समजावं, तिथे कोणीतरी दुसऱ्याच्या जिवावर जगतंय. त्याच्या पुढची फांदी हळूहळू वाळत जाते. दुबेळकं असेल तर दोन फांद्यांच्या सांध्यात साल आत दबली आहे का ते बघायचं. तसा सांधा वरून भक्कम दिसतो आणि फाटतो तेव्हा अख्खा फाटतो.

मग बारीक दोरी फेकायची. साधारण 2 मिलिमीटर जाडीची, गुळगुळीत, टोकाला छऱ्यांची 300-350 ग्रॅमची पिशवी. दोन्ही हातांत धरून, पायांमधून झोका देऊन, योग्य क्षणी सोडायची. पिशवी हव्या त्या बेचक्यातून पलीकडे गेली की मनात जे होतं ते क्रिकेटवाल्यांना सांगून कळणार नाही. नाही गेली तर ओढून परत, आणि पिशवी वर अडकली तर हिसका मारायचा नाही, कारण ती सुटली की थेट तोंडावर येते. फेकताना सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, आणि खाली कोणी उभं राहायचं नाही. बारीक दोरीने आधी चामड्याची नळी किंवा कड्यांचा पट्टा वर चढवायचा आणि त्यातून मुख्य दोर न्यायचा. थेट सालीवर दोर घासला तर सालीखालचा जिवंत थर सोलून निघतो, आणि दोरही झिजतो. खिळ्यांचे बूट घालून जिवंत झाडावर चढणाऱ्यांशी माझं जमत नाही; प्रत्येक पावलाला एक भोक, आणि प्रत्येक भोकातून कीड-बुरशीला वाट.

दोर वर गेला की त्याच्या दोन्ही बाजूंवर मिळून दोघांनी लटकून बघायचं. झाड कुरकुरलं, वाळका पाचोळा पडला, तर तिथेच थांबायचं.

चढायची जुनी रीत अशी: दोराचं एक टोक हार्नेसला बांधायचं आणि त्या गाठीपुढे उरलेल्या शेपटीने दोराच्या दुसऱ्या बाजूवर एक घर्षणाची गाठ मारायची. मी ब्लेकची मारतो. तिची नोंद ऑस्ट्रियाच्या हाइन्झ प्रोहास्का यांनी 1981 मध्ये केली होती. जेसन ब्लेक यांनी 1994 मध्ये ती अमेरिकेतल्या झाडकाम करणाऱ्यांपुढे मांडली आणि नाव त्यांचं चिकटलं. शेपटीचे चार वेढे खालून वर घ्यायचे, टोक खाली आणून शेपटीच्याच ताणलेल्या भागावरून पुढून न्यायचं, उभ्या दोराच्या मागून काढायचं आणि खालच्या दोन वेढ्यांच्या आतून बाहेर ओढायचं. टोकाला आठाची गाठ, म्हणजे शेपटी निसटत नाही. सगळे वेढे एकावर एक नीट बसवून, भार देऊन बघितल्याशिवाय पाय जमिनीवरून सुटता कामा नये. गाठीवर भार असला की ती धरते, वरून तळव्याने हलके दाबली की सरकते. जोरात सरकवली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन वितळून चकचकीत कडक होतं. उतरताना घाई करणाऱ्यांच्या दोरावर असा चकाकणारा पट्टा मी पाहिलाय. तो दोर कापायचा, गोंजारायचा नाही.

या रीतीत 10 मीटर चढायला 20 मीटर दोर ओढावा लागतो. त्या बदल्यात दर खेचीला जोर निम्मा. आणखी एक हिशोब नवखे विसरतात. दोराच्या दोन्ही बाजू माझ्याकडेच असतील, तर फांदीवर साधारण माझ्या वजनाएवढाच भार पडतो. पण दोर एका बाजूने बुंध्याला बांधून दुसऱ्या बाजूवर चढलो, तर बुंध्याकडची बाजूही तितक्याच जोराने खाली खेचते. 70 किलोचा माणूस फांदीला 140 किलोचा वाटतो, धक्के वेगळे. दुसरी रीत सोपी म्हणून लोक तीच आधी शिकतात. मला हे पटत नाही.

सामानाबद्दल थोडंच. डोंगरावर वापरायचा ताणला जाणारा दोर इथे कामाचा नाही, प्रत्येक खेचीला तो ताणला जातो आणि माणूस जागच्या जागी. कमी ताणाचा, 11 ते 13 मिलिमीटरचा दोर हवा. ताडपत्री बांधायला नाक्यावर मिळते ती प्लास्टिकची रंगीत दोरी अंगाखाली घेऊ नये. ती घर्षणाने लवकर वितळते आणि उन्हाने कुजते. मुंबईत नागदेवीच्या बाजारात कारखान्याचे सेफ्टी बेल्ट मिळतात, भारतीय मानक 3521 चे. पडलं तर ते वाचवतात, पण त्यात तासभर बसून बघा, मांड्या सांगतील. झाडासाठी बसायचा रुंद पट्ट्यांचा हार्नेस वेगळा, आणि आपोआप कुलूप लागणारं कॅराबिनर हवं, कारण डहाळ्यांत घासून साधं फाटक उघडू शकतं.

वर गेल्यावर आंब्यावर पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या भेटतात, आणि हात दोन्ही दोरावर अडकलेले असतात, तेव्हा संयम म्हणजे काय ते कळतं. आग्या मोहोळ दिसलं तर झाडाखालूनच परत फिरायचं, वाद नाही. मे महिन्यात कावळ्यांची घरटी असतात. त्यांच्या चोचीचा वार हेल्मेटवर टणकन वाजतो. पावसाळ्यात साल शेवाळते, म्हणून मी चढतो दिवाळीनंतर ते आंबे उतरेपर्यंत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला, खालूनच आंबे तोडायचा ‘नूतन झेला’ वाडीत आल्यापासून आंबे काढायला मला वर पाठवायचा बहाणाही उरला नाही, हे मित्र अधूनमधून ऐकवतो.

मोसम संपला की दोर साबणाशिवाय गार पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचा आणि सगळा हाताखालून फिरवायचा. बोटांना कुठे मऊ पोकळी, कुठे कडक गाठ लागली की तो निवृत्त. निवृत्त दोर मी अख्खा कोणालाच देत नाही. दोन-दोन मीटरचे तुकडे करतो, मगच कपडे वाळत घालायला वाटतो, कारण 30 मीटरचा चांगला दिसणारा दोर घरात आला की कोणीतरी त्याला लटकल्याशिवाय राहत नाही.