सामाईक गारवा

खानदेशांतील उन्हाळ्याचें बाहेरच्या लोकांना जेवढें नवल वाटतें तेवढें आम्हां जळगांवकरांना वाटत नाहीं. वैशाखांत पारा ४५ अंशांपलीकडे गेला कीं पुण्या-मुंबईचे स्नेही काळजीनें विचारपूस करतात. आम्ही दारें लोटून घेतों आणि पन्हें पितों. चार महिने मुक्काम करणाऱ्या पाहुण्याशीं रोज कोण भांडत बसणार?

या पाहुण्याची सोय जुन्या लोकांनीं घर बांधतांनाच करून ठेविली होती. जाड मातीच्या भिंती, लहान झरोके, आणि लांकडी तुळयांवर मातीचा भरभक्कम थर घालून केलेलें सपाट धाबें. ऊन त्या मातींत मुरत मुरत आंत पोंचेपर्यंत संध्याकाळ होई, आणि तोंवर माणसें अंथरुणें घेऊन धाब्यावर गेलेलीं असत. मला या घरांचे गोडवे गावयाचे नाहींत. त्यांत काळोख असे, पावसाळ्यांत तीं गळत. ज्यांनीं तीं मोडून पक्कीं घरें बांधलीं त्यांनीं शहाणपणच केलें. परंतु सिमेंटचा पातळ स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खालच्या खोलींत सोडीत राहतो. मग गारवा विकत आणावा लागतो.

हें विकतचें यंत्र गारवा निर्माण करीत नाहीं. तें घरांतली उष्णता उचलून गल्लींत टाकतें, आणि स्वतःच्या श्रमाची उष्णताहि तींत मिळवितें. त्याला लागणाऱ्या विजेसाठीं भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जळतो तो निराळाच. माझ्या शेजाऱ्यांनीं असें यंत्र बसविल्यापासून माझी त्या बाजूची खिडकी दुपारीं उघडतां येत नाहीं. शेजारी सज्जन आहेत. ‘तुम्हीहि एक घेऊन टाका,’ असें ते आपुलकीनें सांगतात. मीं तें ऐकलें, तर माझ्या पलीकडे पत्र्याच्या खोलींत राहणाऱ्या कुटुंबानें कोणती खिडकी लावून घ्यावी? त्यांच्या घराला ती एकच आहे.

अशा पेचाचें एक उत्तर धुळें जिल्ह्यांत पांझरेच्या कांठीं फार पूर्वींच सांपडलें होतें; मात्र तें पाण्यापुरतें. तेथें बंधाऱ्याखालील जमीन फडांत वांटलेली असे. एका फडांत सर्वांचें पीक एक, आणि पाणी देणें पाटकऱ्याच्या हातीं. पाणी तुटपुंजें असलें तर सर्वांचेंच भिजणारें क्षेत्र कमी होई. जो सधन त्यानें पाट आपल्याकडे वळवावा, ही मुभा नव्हती.

गारवाहि पाण्यासारखाच सामाईक मानला पाहिजे, असें मला वाटूं लागलें आहे. शहराचा विचार घराघरानें न करतां गल्लीगल्लीनें करावा. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्जनें धुळें हें मुख्य ठाणें केलें व तेथें सरळ रस्त्यांची पेठ वसविली. तेथील गल्ल्या अजून आंकड्यांनीं ओळखल्या जातात. अशा एखाद्या गल्लींतील सगळींच छपरें चुन्यानें पांढरीं केलीं, दोहों बाजूंस कडुनिंब लावले, छपरांवर सौरपत्रे बसविले, तर ऊन परत फिरेल, वाटसरूला सांवली मिळेल, आणि स्लॅब झांकून वीजहि हातीं येईल. यांत स्वप्नाळूपणा नाहीं. याच जिल्ह्यांत साक्री तालुक्यांत शिवाजीनगर येथें २०१३ सालीं १२५ मेगावॅटचा सरकारी सौरप्रकल्प उभा राहिला. त्याच वर्षीं अहमदाबादेनें उष्णतेशीं झगडण्याची नगरयोजना आंखली, आणि पुढें गरीब वस्त्यांचीं छपरें पांढरीं करविलीं.

अडचण चुन्याची किंवा रोपांची नाहीं. पहिलीं तीन वर्षें त्या कडुनिंबांना पाणी कोणी घालावयाचें, आणि भाड्यानें राहणाऱ्याच्या छपराला चुना कोणी लावावयाचा, ही आहे. फडाला पाटकरी होता, आणि त्याला सर्व शेतकरी मिळून धान्य देत. आमच्या गल्लीला असा माणूस महानगरपालिकेनें द्यावा, किंवा आम्हीं वर्गणी काढून नेमावा. एका यंत्राच्या किमतींत त्याचे कित्येक महिन्यांचे पगार निघतील, हा हिशेब मीं शेजाऱ्यांपुढें मांडला आहे. त्यांनीं अद्याप नाहीं म्हटलेलें नाहीं.