मोडक्या सीटची तक्रार : काही टिपणं

२२ फेब्रुवारी २०२५. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान एअर इंडियाच्या विमानाने भोपाळहून दिल्लीला निघाले होते. सीट ८ सी. बसले तर ती मोडलेली, आत खचलेली. सहप्रवाशांनी आपली जागा देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही आणि नंतर सगळी हकिकत समाजमाध्यमावर लिहिली. कंपनीने माफी मागितली, नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी लक्ष घातलं. प्रवासी मंत्री होते म्हणून बातमी झाली. त्या हकिकतीतली मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. सीट खराब असल्याचं व्यवस्थापनाला आधीच कळवलं होतं, तिचं तिकीट विकू नका असंही सांगितलं होतं, असं विमानातल्या कर्मचाऱ्यांनीच त्यांना सांगितलं. म्हणजे बिघाड ठाऊक होता आणि तरी विक्री चालू राहिली. वापरून वापरून सीट खराब होणारच, त्याबद्दल कुणाला दोष द्यायचं कारण नाही. पण खराब असल्याचं माहीत असताना ती पूर्ण भाड्यात विकणं ही फसवणूक आहे, आणि तिला ‘गैरसोय’ म्हणायला माझी तयारी नाही.

*

दिल्लीहून पुण्याला येणारं रात्रीचं विमान. शेजारी सत्तरीचे एक काका, कमरेला पट्टा. बसल्या बसल्या कळवळले. सीटची गादी वेल्क्रोने चिकटवलेली असते, ती सहज उचलली जाते. उचलून पाहिलं तर खाली ताणून बसवलेलं जाड कापड एका बाजूने फाटून सुटलेलं, आणि तिथून चौकटीचा धातूचा पाइप थेट मांडीला लागत होता. फोम वरून चांगला दिसत होता, पण हात दाबला की तळहात पाइपवर टेकायचा.

काकांनी आवाज चढवला नाही. हवाईसुंदरी पुण्याचीच निघाली. “काका, विमान आज पूर्ण भरलंय, मी ब्लँकेट आणून देते,” म्हणाली. काका म्हणाले, “आण, पण त्याआधी हे लिहून घे. आणि काय लिहिलंस ते मला वाचून दाखव, बाळ.” तिने केबिनच्या नोंदीत रांग, सीट, फाटलेलं कापड, सगळं लिहिलं आणि वाचून दाखवलं. मागच्या रांगेतल्या एका मुलाने आपली जागा काकांना दिली आणि स्वतः ब्लँकेटच्या घडीवर बसून आला.

मला त्या मुलाचं कौतुक वाटलं आणि कंपनीचा राग आला. प्रवाशांच्या चांगुलपणावर विमान चालवायचं नसतं.

*

नोंदीचं महत्त्व सांगतो. केबिनमधल्या बिघाडांची नोंद ठेवण्याची पद्धत प्रत्येक कंपनीत असते. त्या नोंदीवरून विमान उतरल्यावर अभियंते काम हाती घेतात. उड्डाणापूर्वी काय बिघडलेलं चालतं आणि काय चालत नाही, याची मान्य केलेली यादी असते. या व्यवसायात तिला ‘एमईएल’ म्हणतात. सीटची पाठ मागे जात नसेल, पण सरळ स्थितीत घट्ट बसत असेल, तर तिथे प्रवासी बसवता येतो. जी सीट बसण्याजोगी नाही ती रिकामी ठेवायची आणि तिच्यावर ‘इथे बसू नये’ अशी पट्टी लावायची. पट्टा लागत नसेल तर त्या सीटवर कुणाला बसवताच येत नाही.

त्यामुळे तक्रार करताना ‘सीट खराब होती’ एवढ्यावर थांबू नका. पाठ सरळ राहत नव्हती का? पट्टा अडकत होता का? चौकट हलत होती का? पाठ आपोआप मागे कलंडत असेल तर तो आरामाचा प्रश्न उरत नाही. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी सगळ्या पाठी सरळ लागतात. आणीबाणीत मागच्या माणसाला बाहेर पडायला वाट हवी, हे त्याचं कारण. आजच्या विमानांच्या सीट गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट धक्क्याला तपासलेल्या असतात, पण ही परीक्षा धड असलेल्या सीटने दिलेली असते.

*

पाठ का कलंडते? सीटच्या हातावरच्या बटणापासून एक बारीक तार खाली जाते. ती पाठीला धरून ठेवणाऱ्या छोट्या दट्ट्याला सोडते किंवा अडवते. तार सैल झाली की बटण दाबूनही पाठ हलत नाही. दट्ट्या झिजला की पाठ जागेवर थांबत नाही. दोन्ही दुरुस्त्या नित्याच्या आहेत. सुटे भाग मिळत नाहीत हे उत्तर हल्ली सर्रास ऐकू येतं आणि त्यात तथ्यही आहे. गेली काही वर्षं जगभर विमानांच्या सीटची टंचाई आहे, नवी विमानंसुद्धा सीटसाठी खोळंबली. पण भाग मिळेपर्यंत ती एक जागा विक्रीतून काढायला कुठलाच सुटा भाग लागत नाही.

*

फोटो काढा. सीटचा नंबर आणि बिघाड एकाच चौकटीत यायला हवा. पाठ कलंडत असेल तर छोटा व्हिडिओ. त्यात शेजाऱ्यांचे किंवा कर्मचाऱ्यांचे चेहरे घेऊ नका. पुण्याच्या लोहगावसारख्या हवाई दलाच्या तळावर कॅमेरा खिडकीबाहेर रोखू नका. बोर्डिंग पास जपून ठेवा.

आणि भांडू नका. नियमात बेशिस्त प्रवाशाच्या पहिल्या पायरीत नुसती तोंडी अरेरावीसुद्धा येते आणि तिच्यासाठी तीन महिन्यांपर्यंत उड्डाणबंदी होऊ शकते. समोर उभी असलेली मुलगी सीट विकत नाही, दुरुस्तही करत नाही. तिच्याकडून हवी ती नोंद.

*

काकांची तक्रार मी नंतर वाचली. जेमतेम अर्धं पान. तारीख, उड्डाण क्रमांक, पीएनआर, सीट, काय मोडलं होतं, कुणाला सांगितलं, नोंद झाली का. मग दोन मागण्या: पसंतीच्या सीटसाठी घेतलेले जादा पैसे परत द्या, आणि सीट दुरुस्त झाल्याचं लेखी कळवा. ‘कमरेचा पट्टा’, ‘वय’, ‘तीस वर्षांची सेवा’ यातलं काही नाही. पहिलं उत्तर नेहमीच्या साच्याचं आलं, दिलगिरी आणि व्हाउचर. काकांनी व्हाउचर नाकारलं आणि जादा पैसे परत मिळवले. दुरुस्तीबद्दल कंपनीने अक्षर कळवलं नाही.

व्हाउचर घेण्यापूर्वी त्याखालचा मजकूर वाचावा. ते स्वीकारलं की तक्रार मिटली, अशी अट त्यात असू शकते.

*

कंपनी दाद देत नसेल तर तिचा नोडल अधिकारी आणि त्यावरचा अपील अधिकारी यांना लिहायचं. त्यांची माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर असलीच पाहिजे. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं ‘एअरसेवा’ हे तक्रारींचं पोर्टल २०१६ पासून आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

*

वरच्या वर्गाचं तिकीट काढून खालच्या वर्गात बसवलं तर भरपाई किती, हे फेब्रुवारी २०२३ पासून ठरलेलं आहे. देशांतर्गत प्रवासात करासह तिकिटाच्या ७५ टक्के. आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतरानुसार ३०, ५० किंवा ७५ टक्के. त्याच वर्गातली सीट मोडकी निघाली तर असा दर नाही. बिझनेस क्लासची सीट झोपण्याजोगी होत नसेल, तर प्रवाशाला प्रत्यक्षात काय मिळालं? माझ्या मते विमान वाहतूक महासंचालनालयाने हा दर ठरवायलाच हवा. तोवर रस्ता ग्राहक आयोगाचा.

*

या रस्त्यावरचं एक प्रकरण. मे २०२३ मध्ये रवी गुप्ता आणि त्यांच्या पत्नी सिंगापूर एअरलाइन्सच्या बिझनेस क्लासने हैदराबादहून निघाले. पुढे ऑस्ट्रेलियाला जायचं होतं. सीटची स्वयंचलित यंत्रणा बंद, पाठ हातानेच मागे-पुढे करायची. कंपनीने दोघांना प्रत्येकी १०,००० मैलांचे पॉइंट देऊ केले. ते न घेता दोघं हैदराबादच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेले. २०२४ मध्ये निकाल लागला: प्रत्येकी ४८,७५० रुपये १२ टक्के व्याजाने परत, मनस्तापाचे १ लाख, खर्चाचे १० हजार. निकालाच्या वेळी गुप्ता तेलंगणचे पोलीस महासंचालक होते. पण या वाटेला हुद्दा लागत नाही, कागद लागतात. ज्या गोष्टीचे पैसे घेतले ती दिली नाही, हा मुद्दा तुमच्याआमच्या तिकिटालाही तसाच लागू होतो.

*

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या तीन गोष्टी पाठ असाव्यात. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जायला नको. आपण दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. सांगलीच्या माणसाने सांगलीत तक्रार करावी, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे.

ग्राहकाने संघटित व्हावं हे आपल्याकडे बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत काढून दाखवून दिलं. विमानाने जाणारा माणूस ‘दोन तासांचा तर प्रश्न आहे’ म्हणून गप्प बसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. विमान पुण्यात उतरल्यावर थोड्याच वेळात पुन्हा भरतं. त्याच सीटवर पुढे बाळंतीण बसेल, पाठीची शस्त्रक्रिया झालेला माणूस बसेल.

तेव्हा जागेवरून उठण्याआधी नोंद करून घ्या, घरी पोचल्यावर लेखी तक्रार पाठवा, आणि पैसे परत मिळाले तरी सीट दुरुस्त झाली का, हे विचारायचं सोडू नका.